बॉक्सची चावी फिरत नसेल तर: मोटारसायकलच्या सामानपेट्यांच्या कुलपांची तपासणी आणि दुरुस्ती

जुलै महिन्यात ताम्हिणी घाट उतरून मी माणगावला पोहोचलो, तेव्हा कोरडे कपडे टॉप बॉक्समध्ये होते आणि बॉक्सची चावी काही केल्या फिरत नव्हती. कुलपात तेल सोडून झाले, चावी उलटसुलट घालून झाली, आणि जोर लावताना चावीला पीळ पडत असल्याचे बोटांना जाणवले तेव्हा मी हात आवरला. शेजारच्या पंक्चरच्या दुकानातला माणूस उठून आला, त्याने झाकणावर कोपर टेकवून भार दिला आणि ‘आता फिरवा’ असे सांगितले. चावी अलगद फिरली. ओला रेनकोट आणि जॅकेट कोंबल्यामुळे झाकण आतून वर रेटले जात होते, कुलपाची जीभ तिच्या खाचेत आवळून बसली होती, आणि मी मात्र सगळा दोष कुलपाला देत होतो.

त्या दिवसापासून मी एक क्रम पाळतो आणि पुढचे सर्व विवेचन त्याच क्रमावर उभे आहे: चावीला जोर लावण्याआधी अडथळा नेमका कुठे आहे ते शोधायचे. तो चावीत असू शकतो, कुलपाच्या बॅरलमध्ये, म्हणजे चावी ज्यात शिरते त्या नळकांड्यात, असू शकतो, बॅरलच्या मागच्या जिभेत असू शकतो किंवा झाकण आणि पेटी यांच्या जुळणीत असू शकतो. या चारही ठिकाणांचे उपाय वेगळे आहेत, आणि एका ठिकाणचा उपाय दुसऱ्या ठिकाणी केला तर बहुधा चावी तुटते.

कुलपाच्या आत काय चालते

टॉप बॉक्स असो, प्लास्टिकचे साइड बॉक्स असोत किंवा ॲल्युमिनियमचे पॅनिअर, म्हणजे मागच्या चाकाच्या बाजूंना बसवलेल्या पेट्या, असोत, बहुतेकांना वेफर पद्धतीचे लहान कुलूप असते. बाहेरचे कवच साधारणपणे जस्ताच्या मिश्रधातूचे ओतीव असते. त्याच्या आत फिरणारा गट्टू असतो, आणि गट्टूतल्या फटींमध्ये पितळेच्या पातळ चकत्या, म्हणजे वेफर, एकेका बारीक स्प्रिंगवर बसवलेल्या असतात. चावी नसताना स्प्रिंगा या चकत्यांना बाहेर ढकलतात, त्यांच्या कडा कवचाच्या खाचेत शिरतात आणि गट्टू फिरू शकत नाही. योग्य चावी आत गेली की प्रत्येक चकती बरोबर गट्टूच्या पृष्ठभागापर्यंत ओढली जाते आणि गट्टू मोकळा होतो. गट्टूच्या मागच्या टोकाला एक पट्टी स्क्रूने किंवा नटने बसवलेली असते. तिला जीभ म्हणतात. ही जीभ स्वतःच झाकण धरते किंवा झाकण धरणाऱ्या खिट्टीला अडवून ठेवते.

या रचनेचा अर्थ असा की एका चकतीची स्प्रिंग चिखलाने जाम झाली किंवा चावीचा एक दाता थोडासा झिजला, तरी संपूर्ण कुलूप अडते. बॉक्सच्या कुलपात पाण्याचा बंदोबस्त जेमतेम असतो. शिवाय टॉप बॉक्स मागच्या चाकाच्या वर आणि साइड बॉक्स चाकाच्या बाजूला असल्याने रस्त्यावरची धूळ आणि चिखलाचे पाणी उडते ते थेट चावीच्या तोंडावर.

प्रथम निदान

बॉक्स बंद असेल आणि चावी फिरत नसेल, तर एका हाताने कुलपाच्या अगदी वर झाकण खाली दाबावे, दुसऱ्या हाताने चावी हलकेच फिरवून पाहावी, आणि मग दाब थोडा डावीकडे, थोडा उजवीकडे सरकवत हेच पुन्हा करावे. कुणी सोबत असेल तर झाकणावर दोन्ही तळहातांनी भार द्यायला सांगावे. झाकण खाली जाताच चावी फिरली, तर दोष सामानाचा, रबरी पट्टीचा किंवा बिजागरीचा आहे आणि कुलपाला हात लावण्याचे कारण नाही.

झाकण उघडे असताना केलेली परीक्षा त्याहून निर्णायक असते. उघड्या झाकणाच्या स्थितीत जिभेवर कोणताही भार नसतो. अशा वेळी चावी मोकळेपणाने फिरत असेल आणि झाकण बंद केल्यावरच अडत असेल, तर कुलूप निर्दोष आहे. उघड्या स्थितीतही ती अडखळत असेल, तर चावी किंवा बॅरल यांच्याकडे वळावे. चावी फिरते पण जीभ हलत नाही, असे दिसले तर मागचा स्क्रू सैल झाला आहे किंवा जिभेचे चौकोनी भोक झिजून गोल झाले आहे. हा बिघाड वाटतो तितका गंभीर नसतो.

यानंतर जादा चावी वापरून पाहावी. खरेदीच्या वेळी दोन चाव्या मिळतात, त्यांतली एक वर्षानुवर्षे खिशातल्या नाण्यांबरोबर घासली जाते आणि दुसरी घरच्या खणात नवीकोरी राहते. नव्या चावीने कुलूप उघडले तर रोजची चावी झिजली आहे एवढाच त्याचा अर्थ. अशा वेळी डुप्लिकेट बनवून घ्यायची ती त्या न वापरलेल्या चावीवरून. झिजलेल्या चावीची नक्कल म्हणजे झिजेची नक्कल असते, आणि चावीवाल्याच्या यंत्राची स्वतःची थोडी चूक तिच्यात भर घालते. दोन्ही बाजूंना सारखेच दाते असलेली चावी असेल तर ती उलटी घालूनही पाहावी, कारण दोन्ही बाजू सारख्या झिजलेल्या नसतात.

तेल कोणते, आणि कोणते नाही

बॅरल अडखळत असल्याची खात्री झाली की आधी सफाई आणि मग वंगण, हा क्रम मोडू नये. आतला चिखल तसाच ठेवून तेल घातले, तर मातीचा गारा होतो आणि आठवडाभराने तो आणखी घट्ट बसतो. झाकण उघडता येत असेल तर कुलपाचे तोंड खाली येईल असे धरून आयसोप्रोपिल अल्कोहोल किंवा प्लास्टिकला चालणारे कॉन्टॅक्ट क्लीनर नळीने आत मारावे, चावी दहा-बारा वेळा आतबाहेर करावी, प्रत्येक वेळी ती फडक्याला पुसावी आणि फडक्यावर काळा डाग उमटणे थांबेपर्यंत हे चालू ठेवावे. पेट्रोल आणि थिनर मात्र बॉक्सच्या जवळ आणू नयेत. टॉप बॉक्सचे ए.बी.एस. किंवा पॉलिकार्बोनेट प्लास्टिक त्यांनी पांढरे पडते आणि कुलपाभोवती, म्हणजे जिथे ताण सर्वांत अधिक असतो तिथेच, त्याला केसासारखे तडे जातात.

डब्ल्यूडी-४० या फवाऱ्याबद्दल दोन टोकाची मते ऐकू येतात. त्याच्या नावातच त्याचे काम सांगितलेले आहे: पाणी हटवण्यासाठी केलेले चाळिसावे मिश्रण. भिजलेल्या कुलपातले पाणी बाहेर काढायला आणि गंजलेला भाग सुटा करायला ते उत्तम आहे, पण टिकाऊ वंगण म्हणून त्यावर विसंबू नये. ते वापरले असेल तर कुलूप वाळू द्यावे आणि मग पी.टी.एफ.ई. (टेफ्लॉन) असलेले कोरडे वंगण थोडेसे मारावे. हे वंगण वाळल्यावर चिकट राहत नाही आणि त्यामुळे धूळ धरत नाही. ग्रॅफाइटची पूडही चालते, आणि ती जवळ नसेल तर ६बी पेन्सिल चावीच्या दात्यांवर घासून चावी आतबाहेर केली तरी काम भागते. मात्र ग्रॅफाइट आणि तेल एकत्र करू नये, त्यांचा काळा लगदा होतो. समुद्रकाठी राहणाऱ्यांनी, विशेषतः ॲल्युमिनियमचे पॅनिअर असतील तर, ग्रॅफाइट टाळावे. खाऱ्या ओलाव्यात ॲल्युमिनियम आणि ग्रॅफाइट एकमेकांना लागून राहिले की ॲल्युमिनियमचा क्षय वेगाने होतो.

कोकणात घरोघरी कुलपाला खोबरेल तेल घालण्याची पद्धत आहे आणि घराच्या दाराला ते बऱ्यापैकी चालतेही. परंतु खोबरेल तेल सुमारे २४ अंश सेल्सिअसच्या खाली थिजते. मे महिन्यात रत्नागिरीला घातलेले तेल डिसेंबरच्या पहाटे महाबळेश्वरला कुलपाच्या आत मेणासारखे घट्ट झालेले असते, आणि त्या चिमुकल्या स्प्रिंगांमध्ये ते मेण बाजूला सारण्याइतका जोर नसतो. घरात दुसरे काहीच नसेल तर शिलाई मशीनचे पातळ तेल दोन थेंब घालावे, आणि परतल्यावर कुलूप धुऊन योग्य वंगण घालावे.

मनाली–लेह मार्गावर थंडीची आणखी एक अडचण येते. बारालाचा ला हा घाट सुमारे ४,९०० मीटर उंचीवर आहे, आणि तिथे रात्री मुक्काम जवळपास असला की दिवसा कुलपात गेलेले पाणी पहाटेपर्यंत गोठते. अशा कुलपावर गरम पाणी ओतण्याचा मोह होतो, पण तेच पाणी थोड्या वेळाने पुन्हा गोठते. चावीचे पाते लायटरवर किंचित गरम करून आत धरावे, दोनतीनदा तसे करावे, आणि उघडल्यावर लगेच पाणी हटवणारा फवारा मारावा. चावीच्या डोक्यात चिप किंवा प्लास्टिक असेल तर ज्योत फक्त पात्याच्या टोकाला लागेल याची काळजी घ्यावी.

जुळणीचा दोष

उघड्या झाकणात चालणारे आणि बंद झाकणात अडणारे कुलूप हा सर्वांत जास्त फसवणारा प्रकार आहे, म्हणून त्याविषयी सविस्तर लिहितो. गाडी उभ्याउभ्या एका बाजूला पडली की साइड बॉक्सची कड एकदोन मिलिमीटर वाकते. डोळ्यांना ते दिसत नाही, पण जिभेला तेवढे अंतर पुरे असते. रबरी पट्टी नवी बसवली असेल तर ती जुन्या दबलेल्या पट्टीपेक्षा जाड असते. बिजागरीची पिन झिजली असेल तर झाकण एका अंगाला सरकते.

जीभ कुठे घासते हे पाहण्यासाठी तेलात कालवलेले कुंकू तिच्या टोकाला बोटाने लावावे, झाकण बंद करून चावी फिरवून पाहावी आणि पुन्हा उघडून खाचेत लाल खूण कुठे उमटली ते बघावे. खूण खाचेच्या वरच्या ओठावर आली तर झाकण पुरेसे खाली बसत नाही. ती एका बाजूला आली तर झाकण तिरके आहे. अनेक ॲल्युमिनियमच्या पेट्यांमध्ये खाचेची पट्टी दोन स्क्रूंवर बसवलेली असते आणि तिची भोके लांबट असतात, ती केवळ सैल करून सरकवली की काम होते. पट्टी कायमची रिव्हेट केलेली असेल तर जिभेची कड बारीक कानशीने दोनचार फटक्यांत उतरवावी आणि दर वेळी पुन्हा तपासावे. घासलेले परत भरता येत नाही, म्हणून इथे घाई नको. वाकलेली ॲल्युमिनियमची कड सरळ करायची असेल तर आतून लाकडी ठोकळा लावून बाहेरून रबरी हातोडीने ठोकावी.

ही सगळी तपासणी रिकाम्या पेटीवर करावी आणि नंतर नेहमीच्या सामानासह पुन्हा करावी. सामान भरताना मऊ वस्तू वर येऊ देऊ नयेत. हेल्मेट बसते म्हणून हेल्मेटवर जॅकेटही बसवणे हा कुलपावर केलेला अन्याय आहे.

बॅरल काढताना

सफाई करूनही गट्टू अडत असेल किंवा चावी आत अडकून बाहेर येत नसेल, तर बॅरल काढावे लागते. बहुतेक पेट्यांत ते झाकणाच्या आतल्या प्लास्टिकच्या आवरणामागे असते. दोनतीन स्क्रू काढले की मागचा नट, सर्क्लिप (खाचेत बसणारी स्प्रिंगसारखी कडी) किंवा इंग्रजी यू आकाराची पत्र्याची पिन दिसते. काढण्याआधी जिभेची दिशा मोबाइलवर टिपून ठेवावी, कारण ती ९० अंशांनी चुकीची बसवली तर झाकण बंद होते आणि पुन्हा उघडत नाही.

गट्टू कवचातून काढताना चावी आतच ठेवावी. चावी काढलेल्या स्थितीत गट्टू बाहेर आला तर चकत्या उसळून बाहेर पडतात आणि मिलिमीटरभर जाडीच्या स्प्रिंगा फरशीवर सापडत नाहीत. हे काम मोठ्या पारदर्शक पिशवीत दोन्ही हात घालून करावे. ते थोडे विनोदी दिसते, पण उडालेली प्रत्येक वस्तू पिशवीतच राहते. चकत्या सफाईसाठी काढल्याच तर ज्या क्रमाने काढल्या त्याच क्रमाने कागदावर चिकटपट्टीने लावून त्यांना आकडे द्यावेत. दोन चकत्यांची अदलाबदल झाली तर त्या कुलपाची चावी बदलली असे समजावे. कवचाच्या आत पांढरी भुकटी दिसली तर तो जस्ताचा क्षय आहे. थोडी असल्यास ती जुन्या दातांच्या ब्रशने काढता येते, पण कवचाला खड्डे पडले असतील तर श्रम वाया न घालवता नवे बॅरल घ्यावे.

जिभेचा स्क्रू पुन्हा सैल होऊ नये म्हणून गॅरेजमध्ये थ्रेडलॉकरचा, म्हणजे आटे चिकटवून धरणाऱ्या द्रवाचा, थेंब सोडण्याची सवय असते. प्लास्टिकच्या बॉक्सजवळ हे करू नये. ते द्रव प्लास्टिकवर ओघळले तर ताणाच्या जागी तडे पाडते. त्याऐवजी नायलॉकचा, म्हणजे आत नायलॉनची कडी असलेला, नट वापरावा. ॲल्युमिनियममध्ये स्टेनलेस स्टीलचे स्क्रू परत बसवताना आट्यांना थोडे ग्रीस लावावे, नाहीतर दोन पावसाळ्यांनंतर ते सुटणार नाहीत.

चावी तुटली किंवा हरवली

चावी तुटून आत राहिली तर सर्वांत आधी गट्टू चावी घालण्याच्या मूळ स्थितीत आणावा. तो थोडा जरी फिरलेला असेल तरी तुकडा बाहेर येत नाही. बारीक स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने गट्टू जागेवर आणून कोरडे वंगण मारावे. तुकडा दिसत असेल तर नोज प्लायरने तो सरळ ओढावा. दिसत नसेल तर फ्रेटसॉचे, म्हणजे नक्षीकामाच्या बारीक करवतीचे, पातळ पाते घ्यावे, त्याचे दाते बाहेरच्या दिशेला ठेवून ते चावीच्या दात्यांच्या बाजूने आत सरकवावे, किंचित वळवावे आणि ओढावे. पाचसहा प्रयत्न लागतात. काडीला फेविक्विक लावून तुकडा चिकटवण्याचा सल्ला कुणी दिला तर तो ऐकू नये, कारण गोंद चकत्यांवर पसरला की कुलूप कायमचे गेले. दोन्ही तुकडे जपून ठेवावेत. चावीवाला ते जुळवून नवी चावी कापू शकतो.

चावी हरवली असेल तर कोड नंबर शोधावा. तो चावीच्या डोक्यावर, बॅरलच्या तोंडावर किंवा खरेदीच्या वेळी मिळालेल्या छोट्या पत्र्याच्या बिल्ल्यावर कोरलेला असतो, आणि त्यावरून विक्रेत्यामार्फत झीज नसलेली मूळ मापाची चावी मागवता येते. हा नंबर आजच वहीत लिहून ठेवावा. बॉक्सचे हौशी छायाचित्र सर्वांना दाखवताना मात्र तो त्यात दिसू देऊ नये.

कोडही नसेल तर चावीवाल्याला बोलवावे, आणि तोही हरला तरच ड्रिलकडे वळावे. काही ॲल्युमिनियमच्या पेट्यांच्या बिजागऱ्या बाहेरून रिव्हेट केलेल्या असतात, तिथे कुलूप फोडण्याऐवजी रिव्हेटची डोकी ड्रिलने उडवून झाकण मागून उचलणे स्वस्त पडते, कारण नव्या रिव्हेट कुठल्याही फॅब्रिकेशनच्या दुकानात मिळतात. यावरून या कुलपांची खरी ताकदही कळते. ती येताजाता हात घालणाऱ्याला रोखतात, निश्चय करून आलेल्याला नाही. त्यामुळे रात्री लॉजच्या बाहेर उभ्या गाडीच्या बॉक्समध्ये लॅपटॉप ठेवू नये. कुलपाबद्दल शंका असताना औषधे आणि प्रथमोपचाराची पिशवीही त्यात बंद करू नये.

बॉक्स गाडीवरून सुटत नसेल, किंवा धरत नसेल

झाकणाचे कुलूप आणि बॉक्सला बेस प्लेटवर (गाडीवर पक्क्या बसवलेल्या पाटीवर) धरणारे कुलूप बरेचदा एकाच चावीचे असतात, पण त्यांचे धोके अगदी वेगळे आहेत. झाकण उघडत नसेल तर गैरसोय होते. बॉक्सची पकड सुटली तर तो धावत्या गाडीवरून मागच्या वाहनासमोर पडतो. म्हणून बॉक्स बसवल्यावर टक असा आवाज आला एवढ्यावर समाधान मानू नये. चारही कोपऱ्यांना धरून तो वर उचलून पाहावा. हलला तर पुढचे हूक आणि मागची खिट्टी यांत अडकलेली खडी काढावी आणि पुन्हा बसवावा. काढताना बटण दाबले जात नसेल तर बॉक्स खाली दाबून खिट्टीवरचा ताण कमी करावा आणि मग बटण दाबावे. जुना बॉक्स विकत घेत असाल तर प्लेट त्याचीच आहे याची खात्री करावी. उदाहरणार्थ, इटलीच्या गिव्ही कंपनीच्या मोनोकी आणि मोनोलॉक या दोन पद्धतींच्या प्लेटा एकमेकींना चालत नाहीत, आणि ओढूनताणून बसवलेला बॉक्स खड्ड्याची वाट पाहत असतो. वजनाची मर्यादा झाकणाच्या आत छापलेली असते. ती पाहिल्यावर बहुतेकांना आश्चर्य वाटते, कारण आकाराच्या मानाने ती फार कमी असते.

वाटेत कुलूप निकामी झाले तर सायकलच्या जुन्या ट्यूबच्या लांब पट्ट्या उपयोगी पडतात. त्या कुठल्याही पंक्चरवाल्याकडे मिळतात, हुकाच्या रबरी दोरीसारख्या निसटून डोळ्याला लागत नाहीत आणि ओल्या प्लास्टिकवरही घट्ट पकड घेतात. बॉक्सभोवती दोन वेढे आणि प्लेटखालून कॅरियरला एक वेढा घ्यावा, आणि ५० किलोमीटरवर थांबून गाठी तपासाव्यात. बॉक्सची पकडच तुटली असेल तर त्यातले जड सामान काढून टँकवरच्या किंवा पाठीवरच्या पिशवीत घ्यावे.

पावसाळी फेरीला निघण्याआधी चावीच्या तोंडावर इन्सुलेशन टेपचा छोटा तुकडा लावला तर चिखल आत जात नाही. वॉशिंग सेंटरवर प्रेशरचा फवारा कुलपावर थेट मारू देऊ नये. गणपतीपुळे किंवा तारकर्लीहून परतल्यावर कुलूप साध्या पाण्याने हलकेच धुवावे, वाळवावे आणि वंगण घालावे.

नवे बॅरल घ्यायची वेळ आलीच तर दोन किंवा तीन बॅरलचा एकाच चावीचा संच मिळतो का ते विचारावे, म्हणजे तिन्ही पेट्यांना एकच चावी पुरते. बसवल्यावर उघड्या झाकणात दहा वेळा, रिकाम्या बंद पेटीत दहा वेळा आणि सामान भरून काही वेळा चावी फिरवून पाहावी, आणि या सगळ्या वेळात दुसरी चावी खिशात असावी. ती घरच्या खणात जावी किंवा सोबतच्या माणसाकडे. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांनी ती सुरक्षित राहावी म्हणून बॉक्सच्याच आतल्या कप्प्यात ठेवली होती.